पाक न लागणारी वडी

(रौप्यमहोत्सवी वर्षात 26 जानेवारीच्या झेंडावंदनानंतर झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



मी माईक हातात घेतला की आपल्यापैकी काहींना थकबाकीची यादी आठवते, हे मला ठाऊक आहे. अकरा वर्षं खजिनदार होतो, त्याचा हा परिणाम. आज यादी आणलेली नाही, निर्धास्त बसा. आज एका गोड पदार्थाबद्दल बोलणार आहे. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "व्हाइट चॉकलेटचा, संत्र्या-लिंबाच्या स्वादाचा फज, घरच्या घरी." ते जरा थांबले आणि म्हणाले, "काका, तब्येत बरी आहे ना?"

माझी तब्येत उत्तम आहे. पण हे प्रकरण सुरू झालं ते तब्येतीवरूनच. माझी नव्हे, आमच्या सौ.ची.

जुन्या सभासदांना आठवत असेल, या सोसायटीत झेंडावंदन झालं की आमच्या घरची नारळाची वडी वाटली जायची. पहिल्या वर्षी लिफ्टसुद्धा लागली नव्हती, तेव्हा ती ताट घेऊन चार मजले उतरली होती. तेव्हापासून दर 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला वडी ठरलेली. ठराव नाही, इतिवृत्तात नोंद नाही, तरी खंड नाही. दीड वर्षापूर्वी आषाढात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. म्हणजे तिला सगळं कळत होतं, पण शब्द ओठांवर येत नव्हता. 'पाणी' म्हणायचं असेल तर 'पंखा' निघायचं.

त्या दिवसांत तुम्ही सगळ्यांनी जे केलंत ते मी विसरणार नाही. डबे आले, रात्रीला सोबत मिळाली, गाडी मिळाली. पण डबा उघडून वाढायचं म्हटलं तरी वाटी कुठे, डाव कुठे, हे मला माहीत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि आपल्याच घरात हिंगाची डबी शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. पहिल्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं. बँकेत पस्तीस वर्षं एका पैशाचा फरक शोधायला रात्री दहापर्यंत बसणारा माणूस चहाच्या आधणापुढे हरला.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी मी तिला पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं. झेंडावंदन झालं, समितीने दुकानातून पेढे आणले होते, ते वाटले गेले. समितीने चांगलंच केलं, त्यात कोणाची चूक नाही. परत जाताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, "वडी... नाही." दोनच शब्द, पण अगदी बरोबर शब्द. मी म्हटलं, "नाही गं, आज पेढे होते." तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पुढे काही बोलली नाही.

मी त्याच आठवड्यात नारळ आणले. म्हटलं, खोबरं, साखर, वेलची. यात अवघड काय? पहिली वडी ताटातच बसेना, चमच्याने खावी लागली. दुसरी इतकी बसली की उलथनं वाकलं. सगळा खेळ पाकाचा. तो कधी झाला हे तिला पातेल्याकडे नुसतं बघून कळायचं. तिसऱ्या वेळी ती खुर्चीवर बसून मला काहीतरी सांगत होती. तिला 'आता उतरवा' म्हणायचं होतं, हे मला नंतर समजलं. शब्द येईना. ती डाव्या हाताने ओट्यावर थापटत राहिली, आणि मी "काय? काय?" करत राहिलो. पाक जळला. ती रडली. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, हा विषय संपला.

तो विषय पुन्हा उघडला आमच्या लेकीने. ती न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, तुम्ही पाकाच्या वाटेला जाऊच नका. फज करा. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात पाकाचं काम आधीच झालेलं असतं."

हे वाक्य मला पटलं, म्हणून जरा समजावून सांगतो. फज ही अमेरिकेची वडी. तिथल्या व्हासार या मुलींच्या कॉलेजात 1888 साली एका विद्यार्थिनीने विक्रीसाठी तीस पौंड फज केल्याची नोंद आहे. म्हणजे हा मिठाईवाल्याच्या भट्टीतला पदार्थ नव्हे, वसतिगृहातल्या पोरींनी नावारूपाला आणलेला आहे. मूळ पद्धतीत साखर, दूध, लोणी उकळून साधारण 115 अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे आपला गोळीबंद पाक. मग ते निवू द्यायचं आणि घोटायचं. आपल्या वडीचीच बहीण म्हणा. पुढे कंडेन्स्ड मिल्कचा डबा आला. त्यात दूध आटवलेलं, साखर मुरलेली. त्यात चॉकलेट वितळवलं की गार झाल्यावर चॉकलेटमधली चरबी गोठते आणि वडी आपोआप बसते. पाक बघायचा नाही, घोटायचं नाही. मला असंच काहीतरी हवं होतं.

आता माझ्या चुका सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी वहीत तारीखवार नोंद ठेवली आहे. सवय जात नाही.

पहिली चूक, माल न तपासता उचलला. पांढरी लादी दिसली, स्वस्त मिळाली, घेतली. वडी बसली छान, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटला. मग चष्मा लावून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली. ते व्हाइट चॉकलेट नव्हतं, 'कंपाउंड' होतं. खऱ्या व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोच्या बीचं लोणी असतं, कोको बटर. तपकिरी कोको त्यात नसतो, म्हणून ते पांढरं. युरोप-अमेरिकेत किमान 20 टक्के कोको बटर असल्याशिवाय त्याला व्हाइट चॉकलेट म्हणता येत नाही. हे लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित कमी उष्णतेला वितळतं, म्हणून जिभेवर ठेवलं की विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पती तूप असतं. तेव्हा घटकांच्या यादीत 'कोको बटर' हे शब्द शोधा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी जसं मागचं पान वाचायचं, तसंच हेही.

दुसरी चूक, रस घातला. मला वाटलं, संत्र्याचा स्वाद हवा तर संत्र्याचा रस घालावा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन चमचे रस टाकला आणि बघता बघता त्याचा ओल्या वाळूसारखा गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटला थोडंसं पाणी लागलं की आतली साखर आणि दुधाची पूड एकमेकांना धरून बसते. कंडेन्स्ड मिल्कमध्येही ओल असते, पण ते भरपूर असतं आणि सुरुवातीपासून बरोबर असतं, म्हणून तिथे हा त्रास होत नाही. रसाच्या चार थेंबांनी मात्र घात होतो. आणि खरी गोष्ट अशी की संत्र्याचा आंबटपणा रसात असतो, सुगंध सालीत. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. ते तेल पाण्यात मिसळत नाही, स्निग्ध पदार्थात छान मिसळतं. म्हणून चॉकलेटच्या लोण्यात साल बरोबर बोलते.

तिसरी चूक, साल किसली, पण जोर लावून किसली. केशरी रंगाखालचा पांढरा भागही उतरला. तो कडू. तयार वडीचा कण मी सौ.च्या जिभेवर ठेवला. तिने तोंड वाकडं केलं, सालीच्या आतल्या बाजूवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि म्हणाली, "पांढरं नको."

तीन अक्षरांचा एक आणि दोन अक्षरांचा एक, असे दोन शब्द. पण न चुकता आलेले, आणि सूचना म्हणून आलेले. घरात पुन्हा कोणीतरी मला स्वयंपाकातली चूक दाखवत होतं. मला फार बरं वाटलं.

आता कृती. ज्यांना लिहून घ्यायची आहे त्यांनी घ्या.

व्हाइट चॉकलेट 300 ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा डबा. बिनमिठाचं लोणी 25 ग्रॅम. दोन संत्र्यांच्या आणि एका कागदी लिंबाच्या सालीचा कीस. एक चमचा पिठीसाखर. चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर नुसतं गोडमिट्ट लागतं. लिंबाची सालही त्याचसाठी, ती गोडाला जागेवर ठेवते.

फळं कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण बाजारातल्या फळांवर कधी कधी मेणाचा हात असतो. कोरडी पुसा. फळ सोलायच्या आधी, अख्खं असतानाच किसा. जायफळ किसायची बारीक किसणी घ्या. एका जागी एकदाच फिरवा, रंग निघाला की पुढे सरका. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, किसणीखाली सरकतं. म्हणून घट्ट, ताजी फळं निवडा. किन्नूची साल फळाला घट्ट धरून असते, ती किसायला सोपी. पण माझी निष्ठा नागपुरी संत्र्याशी आहे, त्याचं कारण पुढे सांगतो.

कीस पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळा. पाच-दहा मिनिटं. साखर ओलसर आणि केशरी होते, खोलीभर वास सुटतो.

सहा इंची चौकोनी डब्याला बटर पेपर लावून ठेवा. एका पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, त्यावर दुसरं कोरडं पातेलं असं ठेवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात चॉकलेटचे तुकडे, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी एकदमच घाला. गॅस बारीक. पांढरं चॉकलेट काळ्यापेक्षा लवकर बिघडतं, तापलं की रवाळ होतं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच खाली उतरवा, ढवळत राहिलं की उरलेले आतल्या उष्णतेने विरतात. मग मीठ आणि ती चोळलेली साखर घालून सारखं करा, डब्यात ओता, थापा. फ्रिजमध्ये चार तास. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने इंच-इंचाचे तुकडे कापा. छत्तीस होतात. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवले तर दोन आठवडे चांगले राहतात. झाकण घट्ट हवं, नाहीतर शेजारच्या कांद्याचा वास धरतात. मे महिन्यात मात्र हा उद्योग नको, आपल्या उन्हाळ्यात वडी ताटातच पाय पसरते. थंडीचेच दिवस याचे. संत्रीही तेव्हाच असतात.

आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांना एक तुकडा पुरे. मी स्वतः अर्धा खातो, आणि मोजतो.

आता त्या चोळलेल्या साखरेविषयी. फिजिओथेरपीच्या बाईंनी सौ.ला उजव्या हाताचा व्यायाम दिला होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर चोळायची, मऊ गोळा दाबायचा. तो रबरी गोळा ती दोन मिनिटांत टाकून द्यायची. कंटाळा यायचा. साहजिक आहे, जिने आयुष्यभर कणीक तिंबली तिला रबराचा गोळा कसा रुचणार? एकदा मी कीस आणि साखर ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवली, उजवा हात उचलून ताटलीत ठेवला आणि म्हटलं, "हे तू कर, मला लोणी मोजायचं आहे." सुरुवातीला साखर अर्धी मांडीवर सांडली. पण तिने हात काढला नाही. वीस मिनिटं चोळत होती. मग बोटं नाकाशी नेली, आणि म्हणाली, "मोर्शी."

हा शब्द तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. ऐंशीच्या दशकात माझी बदली अमरावती जिल्ह्यात झाली होती. मोर्शी, वरुड हा संत्र्याचा पट्टा. मी बागाईतदारांची कर्जप्रकरणं बघायचो. तिथे थंडीत झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुटतो. त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही बांधावरून फिरायला जायचो. फुलांचा वास गावात घराघरांत यायचा. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. इतक्या बदल्या झाल्या, इतकी गावं झाली, त्या गावाचं नाव घरात कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. ते तिच्या तोंडून आलं, मी न विचारता.

वासाने औषधाचं काम केलं असं मी म्हणणार नाही. औषधं डॉक्टरांची, मेहनत तिची. स्पीच थेरपीही चालू आहे. मी इतकंच सांगतो की त्या दिवसापासून तिचा व्यायाम चुकलेला नाही, कारण तो व्यायाम राहिला नाही, काम झालं. आज ती चार-पाच शब्दांची वाक्यं बोलते. त्यांतली बरीचशी माझ्या चुकांबद्दल असतात.

आता जाता जाता बँकेची एक गोष्ट. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघांनी मिळून उघडायची, आणि एक रजेवर गेला तर त्याची किल्ली रीतसर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. हा नियम मी आयुष्यभर पाळला, नव्या पोरांना शिकवला. घरात मात्र सेहेचाळीस वर्षं स्वयंपाकघराची किल्ली एकटीकडे होती, आणि ठेवी, विमा, वीजबिलाची किल्ली एकट्या माझ्याकडे. तिला पासबुक कुठे आहे ते माहीत नव्हतं, मला हिंग कुठे आहे ते. उलट झालं असतं, मी पडलो असतो, तर तिचीही अशीच तारांबळ उडाली असती. खात्याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहून घेणारा मी, स्वयंपाकघराला नॉमिनेशन करायला विसरलो.

म्हणून माझ्या वयाच्या पुरुषांना हात जोडून सांगतो. तुमच्या घरात जी गोष्ट फक्त तिलाच येते, त्यातली निदान एक तिच्याकडून शिकून घ्या. शिकवणारी समोर उभी आहे, बोलते आहे, रागावते आहे, तोवर शिका. सोप्यापासून सुरुवात करा, मी या फजपासून केली. आणि भगिनींनो, बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते आजच विचारून घ्या. त्यांनी टाळाटाळ केली तर मला फोन करा, माजी खजिनदार म्हणून मी येऊन बसतो.

दारापाशी जी ताटं झाकून ठेवली आहेत, त्यांत 216 वड्या आहेत. आपल्या चौसष्ट सदनिकांना पुराव्यात असा हिशेब केला आहे. सहा डबे, चार दिवस. किसणं आणि वितळवणं माझं, साखर चोळणं तिचं. काल संध्याकाळी शेवटचे तुकडे तिने डाव्या हाताने कागदावर मांडले. एक रांग वाकडी आहे, ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

नारळाची वडी? ती अजून मला साधलेली नाही. दर रविवारी एका नारळाची करून बघतो. पाक उकळायला लागला की ती खुर्ची ओट्याजवळ आणायला लावते. मी हात पुढे केला की म्हणते, "थांबा." मी थांबतो. गेल्या रविवारी पहिल्यांदाच तिने वेळेवर "आता" म्हटलं, आणि मी वेळेवर उतरवलं. चौदा वड्या झाल्या. दोन मोडल्या. पुढच्या झेंडावंदनाला जमेल असं वाटतं.

रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना शुभेच्छा. वडी घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही. जय हिंद, जय महाराष्ट्र.